शस्त्रक्रियेनंतरची वीस वर्षे

मुलाला किडनी बसवण्याची शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. ती किडनी शरीराने नाकारू नये म्हणून द्यायची औषधे मात्र रोज सकाळी आणि संध्याकाळी, बारा तासांचे अंतर राखून, किडनी काम करते आहे तोवर घ्यावी लागतात. सहा वर्षांच्या मुलीला आज किडनी बसवली, तर ती पंचविशीत येईपर्यंत जवळजवळ चौदा हजार वेळा ही औषधे तिच्या पोटात जायला हवीत. प्रत्यारोपणाच्या बातम्यांत शल्यविशारद दिसतात, ग्रीन कॉरिडॉरमधून धावणारी रुग्णवाहिका दिसते. या चौदा हजार वेळा कोणाच्या नजरेस पडत नाहीत, आणि मुलीचे पुढचे आयुष्य त्यांवरच ठरते. प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी ही औषधे काय करतात, त्यांची किंमत शरीराला कशी मोजावी लागते आणि त्यातून मुलांच्या हाती कसले आयुष्य येते, हे सांगण्यासाठी हे पुस्तक आहे. ते पालकांसाठी आहे, तसेच तालुक्याच्या गावी अशा मुलाला तापासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी आणि शिक्षकांसाठीही आहे.

मोठ्या माणसांच्या किडन्या निकामी होतात त्या मुख्यतः मधुमेहाने आणि रक्तदाबाने. मुलांचे तसे नसते. बऱ्याच मुलांत दोष जन्मापासूनचा असतो. किडन्या नीट घडलेल्याच नसतात, मूत्रमार्गात अडथळा असतो किंवा लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते. स्टिरॉइडला दाद न देणारा नेफ्रोटिक सिंड्रोम हे दुसरे मोठे कारण. काही घरांत सिस्टिनोसिस किंवा ऑक्झलेट साठवणारे आनुवंशिक आजार असतात. मूळ कारण नवी किडनी बसल्यावरही पाठ सोडत नाही. मूत्राशय नीट रिकामे होत नसेल, तर नव्या किडनीवरही तोच ताण येतो. नेफ्रोटिक सिंड्रोमचा एक प्रकार तर नव्या किडनीत काही तासांत किंवा दिवसांत परत उद्भवू शकतो. म्हणून ‘किडनी का गेली?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्यारोपणाआधी शोधलेच पाहिजे.

डायलिसिस मुलाला जगवते, पण मनासारखे वाढू देत नाही. पाणी मोजून प्यायचे, मीठ जपायचे, केळे आणि नारळपाणी टाळायचे, आठवड्यातून तीनदा रुग्णालयात मशिनला जोडून घ्यायचे किंवा घरी रोज पोटाचे डायलिसिस करायचे. त्यात शाळा बुडते, भूक मरते, हाडे कमकुवत होतात, उंची अडते. नवी किडनी चालू झाली की चित्र पालटते. कालपर्यंत ज्याच्या हातातला पेला काढून घेतला जात होता, त्याच मुलामागे घरचे आता पाण्याची बाटली घेऊन फिरतात, कारण मुलाला बसवलेल्या मोठ्या माणसाच्या किडनीला रक्तपुरवठा भरपूर लागतो आणि शरीरात पाणी कमी पडलेले तिला चालत नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये मागे पडलेली उंची भरून निघण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. त्यामुळे मूल साधारण दहा किलोचे झाले की बहुतेक केंद्रे प्रत्यारोपणाचा विचार सुरू करतात. इतक्या लहान पोटात मोठ्या माणसाची किडनी बसवणे आणि तिची धमनी थेट महाधमनीला जोडणे हे कौशल्याचे काम आहे. ते कौशल्य आज आपल्याकडे आहे. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

ही परीक्षा किती अवघड आहे, हे वैद्यकाला एका मुलानेच शिकवले. १९५२ च्या नाताळात पॅरिसच्या नेकर रुग्णालयात सोळा वर्षांच्या एका सुतारकाम करणाऱ्या मुलाला त्याच्या आईची किडनी बसवण्यात आली. परांचीवरून पडून त्याची किडनी फुटली होती, ती काढल्यावर लक्षात आले की त्याला जन्मतः एकच किडनी होती. आईची किडनी चालू झाली, लघवी आली, आशा पल्लवित झाली. तीन आठवड्यांनी शरीराने ती नाकारली आणि मुलगा गेला. शस्त्रक्रियेत काही चुकले नव्हते. परक्या पेशी ओळखून त्यांचा नायनाट करणे हे प्रतिकारशक्तीचे कामच आहे, हे पीटर मेडावर यांनी दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांवर कातडी लावताना सुरू झालेल्या संशोधनातून दाखवून दिले होते. दोन वर्षांनी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली आणि ती टिकली, कारण एकसारख्या जुळ्यांच्या शरीराला एकमेकांचे काही परके नसते. बाकीच्या जगाला मात्र औषधाची वाट पाहावी लागली.

ते औषध टप्प्याटप्प्याने आले. जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतले ॲझाथायोप्रिन साठच्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आले. १९६३ मध्ये डेन्व्हरच्या थॉमस स्टार्झल यांनी त्याला स्टिरॉइडची जोड दिली आणि प्रत्यारोपण हा अपवादात्मक प्रयोग न राहता उपचार झाला. भारतात १९६५ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात पहिला प्रयत्न झाला, आणि १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात यश आले. त्या काळातली मुले जगली, पण स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेने त्यांची उंची खुंटली, चेहरे सुजले, हाडे झिजली.

पुढची औषधे मातीतून आली. नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावरून आणलेल्या मातीत एक बुरशी सापडली. तिच्यापासून काढलेल्या सायक्लोस्पोरिनचा गुण १९७२ मध्ये बाझेलच्या सँडोझ कंपनीत लक्षात आला. १९७८ मध्ये केंब्रिजला रॉय काल्न यांनी ते माणसांवर वापरले, आणि किडन्या टिकण्याचे प्रमाण एकदम वाढले. जपानच्या त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूतून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस मिळाले. ईस्टर बेटावरच्या मातीतून आलेल्या सिरोलिमसचा पाठपुरावा पंजाबात जन्मलेल्या सुरेंद्रनाथ सहगल यांनी कॅनडात चिकाटीने केला. सायक्लोस्पोरिनने चेहऱ्यावर लव वाढायची, हिरड्या सुजायच्या. वयात येणाऱ्या मुलीने अशा औषधाचा तिरस्कार केला, तर तिला दोष कसा द्यायचा? टॅक्रोलिमसमध्ये हा त्रास नाही. मुलांच्या उपचारात ते मुख्य औषध झाले त्यामागे किडनीच्या भल्याइतकाच हाही विचार होता.

आज बहुतेक मुलांची उपचारपद्धती ठरीव आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि चौथ्या दिवशी शिरेतून बॅसिलिक्सिमॅब दिले जाते, किंवा धोका जास्त असेल तर सशाच्या रक्तातून बनवलेले थायमोग्लोब्युलिन. त्यानंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड ही त्रयी. शरीराच्या टी-पेशी म्हणजे रात्रभर गस्त घालणारा राखणदार. टॅक्रोलिमस त्याला हाक देऊ देत नाही, मायकोफेनोलेट त्याच्या मदतीला येणारी माणसे वाढू देत नाही आणि स्टिरॉइड सगळ्या गस्तीचाच आवेश उतरवते. राखणदाराने घरी आलेल्या एका पाहुण्याकडे काणाडोळा करावा, एवढेच आपल्याला हवे असते. पण सुस्तावलेला राखणदार चोरांकडेही काणाडोळा करतो. या उपचाराची सगळी अडचण आणि सगळी कला एवढ्यात आली.

म्हणून मात्रेला इतके महत्त्व. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी, जिला सगळे नुसते ‘लेव्हल’ म्हणतात, पहिल्या काही महिन्यांत साधारण ८ ते १२ नॅनोग्रॅम ठेवतात आणि पुढे ५ ते ८ च्या आसपास आणतात. तिच्याखाली रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा धोका, तिच्यावर हात थरथरणे, साखर वाढणे, जंतुसंसर्ग आणि खुद्द किडनीलाच इजा. लहान मुलांचे यकृत हे औषध झपाट्याने मोडते, त्यामुळे वजनाच्या हिशेबात त्यांना मोठ्यांपेक्षा अधिक मात्रा लागते. मूल वाढते तशी ती पुन्हा पुन्हा जुळवावी लागते. लेव्हलसाठी रक्त सकाळचा डोस घेण्याआधी द्यायचे असते. घाईत आधी गोळी दिली आणि मग रक्त काढले, तर आकडा फसवा येतो आणि चांगली चाललेली मात्रा विनाकारण कमी होते.

घरात आणि गावात घडणाऱ्या साध्या गोष्टींनी ही लेव्हल हलते. जुलाब झाले की ती कमी होईल असे वाटते, प्रत्यक्षात ती बहुधा वाढते. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरची फ्लुकोनाझोलसारखी औषधे तिला चढवतात. क्षयाचे रिफॅम्पिसिन आणि फिटीचे फेनिटॉइन तिला इतके खाली आणतात की किडनी धोक्यात येते, आणि क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही. कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या दिवसांत घरोघरी येणारे पपनस या मुलांना देऊ नये. त्यातला रस औषध मोडणाऱ्या आतड्यातल्या यंत्रणेला रोखतो आणि लेव्हल वाढवतो. सर्दी-तापासाठी जवळच्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर त्यांना औषधांची यादी दाखवावी आणि नवे औषध सुरू करण्याआधी आपल्या केंद्राला फोन करावा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके परस्पर घेऊ नयेत. या पुस्तकातली अशी पाने फाडून कपाटाच्या दारावर लावली, तरी लेखकांना आनंदच होईल.

रिजेक्शन ओळखण्यातही मुलांची एक खास अडचण आहे. आईची पूर्ण वाढलेली किडनी पंधरा किलोच्या मुलात बसवली, तर तिची क्षमता त्या छोट्या शरीराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. तिचा बराच भाग बिघडला, तरी रक्तातले क्रिएटिनिन लवकर चढत नाही. मोठ्यांमध्ये ज्या आकड्याकडे दुर्लक्ष करता येईल, तो आकडा मुलामध्ये बायोप्सीचे कारण ठरू शकतो. ‘क्रिएटिनिन तर नॉर्मलच आहे’ या समाधानात उपचाराचे महत्त्वाचे आठवडे निसटतात. ताप नसतो, दुखत नसते, लघवी होत असते आणि आत रिजेक्शन चालू असते. त्यातच शरीर दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागले, तर पुढची वाट फार कठीण होते.

दुसऱ्या बाजूला जंतुसंसर्गाचे भय. न्यूमोसिस्टिस या जंतूसाठी कोट्रायमोक्साझोल, सायटोमेगॅलो विषाणूसाठी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, आणि बीके विषाणूसाठी वेळोवेळी तपासणी. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या जिवंत लशी प्रत्यारोपणाच्या किमान चार आठवडे आधी द्यायला हव्यात, कारण नंतर त्या देता येत नाहीत. पल्स पोलिओच्या दिवशी बूथवरचे थेंबही या मुलाला द्यायचे नाहीत. फ्लू, न्यूमोकोकस आणि हिपॅटायटिस बी यांच्या लशी मात्र चालतात आणि द्याव्यातच.

एप्स्टाइन-बार या विषाणूचा उल्लेख वेगळा करायला हवा. मोठ्या माणसांच्या शरीरात तो बहुधा आधीच मुक्कामाला असतो. मुलाला तो पहिल्यांदाच दात्याच्या किडनीबरोबर मिळतो, आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीत कधी कधी त्यातून लिंफोमासारखा आजार उद्भवतो. अमेरिकेत मुलांसाठी स्टिरॉइड हळूहळू थांबवण्याचा एक अभ्यास झाला. स्टिरॉइडची उणीव भरून काढण्यासाठी त्यात बॅसिलिक्सिमॅब आणि टॅक्रोलिमससारख्या औषधांना सिरोलिमसची जोड दिली होती. रिजेक्शन कमी झाले, पण २७४ मुलांपैकी १९ जणांना हा आजार झाला आणि अभ्यास थांबवावा लागला. जास्त औषध म्हणजे जास्त सुरक्षा, हा समज त्या १९ मुलांनी खोटा ठरवला. त्यांच्या आजारातून मिळालेले शहाणपण आज प्रत्येक मुलाची मात्रा ठरवताना कामी येते.

स्टिरॉइड सोडवण्याची इच्छा मात्र रास्त होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या ट्विस्ट या अभ्यासात, टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट चालू ठेवून स्टिरॉइड पहिल्या काही दिवसांतच थांबवलेल्या मुलांची वाढ अधिक चांगली झाली, विशेषतः वयात न आलेल्या मुलांची, आणि त्यासाठी रिजेक्शनची मोठी किंमत मोजावी लागली नाही. आज अनेक केंद्रे निवडक मुलांमध्ये स्टिरॉइड लवकर थांबवतात किंवा अगदी कमी मात्रेवर आणतात. उंची ही दिखाऊपणाची गोष्ट नाही. सातवीच्या वर्गात चौथीतल्या मुलाएवढे दिसणारे मूल रोज काय सोसते, हे त्याच्या आईवडिलांना विचारावे.

आता निकालांकडे येऊ. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेच्या नोंदींमध्ये पहिल्याच वर्षी निम्म्याहून अधिक मुलांना रिजेक्शनचा झटका यायचा. आज हे प्रमाण दहापैकी एक-दोन मुलांवर आले आहे. जिवंत दात्याची किडनी असेल, तर चांगल्या केंद्रांत पहिल्या वर्षाअखेर ९५ टक्क्यांहून अधिक किडन्या काम करत असतात. हा वैद्यकाचा मोठा पराक्रम आहे. पण पहिल्या वर्षाचा हा आकडा मुलांच्या बाबतीत अपुरा आहे. साठ वर्षांच्या माणसाला पंधरा वर्षे टिकणारी किडनी पुरते. सहा वर्षांच्या मुलाची तीच किडनी एकविसाव्या वर्षी, नेमकी शिक्षण संपताना किंवा नोकरी लागताना, बंद पडते. मग दुसरी किडनी, आणि तोवर शरीरात साठलेल्या प्रतिपिंडांमुळे जुळणारा दाता मिळणे अवघड. पहिली किडनी जितकी जास्त वर्षे टिकेल, तितके त्या मुलाचे आयुष्य जास्त त्याचे स्वतःचे राहील.

आणि ती सर्वांत जास्त धोक्यात येते सतरा ते चोवीस या वयात. लहानपणी कोणत्याही वयात प्रत्यारोपण झालेले असो, किडनी गमावण्याची शक्यता या वयात वाढते, हे अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींनी दाखवले आहे. गोळ्या चुकतात. कारणे समजण्यासारखी आहेत. मुलगा शिकायला पुण्याला जातो, हॉस्टेलवर मित्रांसमोर गोळ्या काढायला संकोचतो. मुलीला गालांवरची सूज नकोशी होते. बरे वाटत असताना औषध कशाला, हा प्रश्न या वयात स्वाभाविकच असतो. त्यात बालरोग विभागातली ओळखीची माणसे सुटतात आणि मोठ्यांच्या ओपीडीच्या गर्दीत तो एक केसपेपर होऊन जातो. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वेळेवर आणि मोकळेपणाने सांगायला हवी. मायकोफेनोलेटमुळे गर्भात व्यंग येऊ शकते. मूल हवे असेल, तर त्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते बदलून ॲझाथायोप्रिन सुरू करतात, आणि अशा अनेक मुली पुढे आई झाल्या आहेत. हे तिला सोळाव्या वर्षी ठाऊक असावे.

यावर उपाय आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आपल्या औषधांची नावे आणि वेळा पाठ हव्यात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्याने ओपीडीत डॉक्टरांशी स्वतः बोलावे, थोडा वेळ आईवडिलांशिवाय. दिवसातून एकदाच घ्यायचे टॅक्रोलिमस ज्यांना चालते, त्यांना द्यावे. मोठ्यांच्या विभागात पाठवण्याआधी वर्ष-दोन वर्षे दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी त्याला एकत्र तपासावे. गोळी चुकली असे त्याने कबूल केले, तर त्याला रागावू नये. ज्या घरात खरे सांगितल्यावर बोलणी खावी लागतात, त्या घरात पुढच्या वेळी खरे सांगितले जात नाही.

महाराष्ट्रात प्रत्यारोपणाची व्यवस्था उभी राहिली आहे. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे, २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबांचाही जवळच्या नातेवाइकांत समावेश झाला आहे. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय समन्वय केंद्रे आहेत. मुलासाठी किडनी देणारी बहुतेक वेळा आईच असते, आणि तिच्या प्रकृतीची पुढची काळजीही घरच्यांनी घ्यायला हवी. शस्त्रक्रियेला महात्मा फुले जनआरोग्य योजनेची आणि धर्मादाय मदतीची जोड मिळते. पुढची वीस वर्षे औषधांचा खर्च मात्र कुटुंबाच्या अंगावर राहतो. शेतमजुराच्या घरात एका महिन्याची गोळी चुकली, तर त्याला हलगर्जीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. औषध आयुष्यभर मोफत मिळणे, कंपनी बदलली तर लेव्हल तपासली जाणे, आणि ती तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध असणे, या मागण्या अवास्तव नाहीत. एक किडनी बंद पडून मूल पुन्हा डायलिसिसवर गेले, तर सरकारचा खर्च याहून जास्त होतो.

उद्याची आशाही खरी आहे. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या तीन मुलांना आधी आई किंवा वडिलांच्या मूळपेशी दिल्या आणि नंतर त्याच पालकाची किडनी बसवल्याचे प्रसिद्ध केले. त्या मुलांची प्रतिकारशक्तीच दात्याची झालेली असल्याने किडनी परकी राहिली नाही, आणि औषधांशिवाय ती चालू राहिली. सगळ्या मुलांसाठी हा मार्ग अजून खुला नाही. तो होईपर्यंत आपल्या हाती आहे ते हेच: अचूक मात्रा, वेळेवर गोळी, खरे बोलणारे घर आणि साथ न सोडणारी व्यवस्था.

म्हणून या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणामागे एकच आग्रह आहे. प्रत्यारोपणाचे यश रुग्णालयातून घरी जाताना काढलेल्या छायाचित्राने मोजू नये, पहिल्या वर्षाच्या टक्केवारीनेही मोजू नये. तो मुलगा किंवा ती मुलगी पंचविसाव्या वर्षी कुठे आहे, हे विचारावे. किडनी चालते आहे का, उंची भरली आहे का, शिक्षण झाले का, औषधे स्वतःच्या पैशांनी किंवा हक्काने मिळतात का. प्रत्येक केंद्राने ही माहिती नोंदवावी आणि लोकांसमोर ठेवावी. ज्या दिवशी महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाबद्दल या प्रश्नांची उत्तरे आपल्याला देता येतील, त्या दिवशी त्यांना किडनी देणाऱ्या आईवडिलांच्या आणि ओळखही नसलेल्या दात्यांच्या दानाला आपण पुरेसे जागलो असे म्हणता येईल.